चौदा सेकंद

जांभूळमाळच्या शाळेत मुलांना विचार करताना बघायला लोक लांबून येत असत.

ऐकून हसू येईल, पण २०३९च्या जूनपासून महिन्यातून दोनदा तरी आजऱ्याकडून एखादी गाडी चढ चढून वर यायची. गाडीतून पाच-सहा शिक्षक उतरायचे, पोह्यांवर ताव मारायचे आणि चौगुलेबाईंच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचे. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. बाई म्हणायच्या, "पाट्या काढा." ह्या पाट्या म्हणजे सरकारने दिलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या, वहीएवढ्या. मग सगळ्यांच्या पाटीवर एकच प्रश्न उमटायचा. तुझी मैत्रीण चिखलात घसरून पडतानाचा फोटो तुझ्याकडे आला आहे. पुढे पाठवशील का?

मुलं थांबायची. नजर पाटीच्या कोपऱ्यात जायची, ओठ किंचित हलायचे. पाच-सहा सेकंद वर्गात अशी शांतता पसरे की स्वयंपाकाच्या खोलीतली खिचडी रटरटलेली ऐकू यावी. मग बोटं खाली यायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकडे चढायचे. एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव.

"बाई, काय शिकवता हो तुम्ही ह्यांना?" पाहुणे विचारायचे.

"सवय लावलीय, दुसरं काही नाही," असं वर्षाराणी चौगुले म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. त्यांच्या विनयाचंही मग कौतुक व्हायचं.

हे आकडे कुठून यायचे ते सांगितलं पाहिजे. माणूस डोक्याला ताण देऊन विचार करू लागला की त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात. केसभरच होतात, पण होतात, आणि शास्त्रज्ञांना हे कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. नवीन काय झालं, तर पाटीच्या कडेला बसवता येईल इतका बारीक कॅमेरा आला आणि तो केसभराचा फरक मोजू लागला. उजेडामुळे होणारा फरक तो वजा करायचा, नजर कुठे गेली ते टिपायचा, बोट किती वेळ अधांतरी राहिलं ते धरायचा आणि सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. त्याला नाव दिलं विवेकांक. इंटरनेटवर काहीही दाबण्याआधी मूल थांबतं का आणि थांबल्यावर विचार करतं का, हे आता शिक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून राहिलं नाही. पहिलीपासून 'जालविवेक' हा विषय लागू झाला आणि त्याची परीक्षा घ्यायला पाटी आली.

सलग तीन महिने पंच्याऐंशीच्या वर राहणाऱ्या मुलाला पाटी 'जाणता' ठरवायची. जाणत्या मुलाच्या पाटीवरची राखण निघायची. तो फोटो, व्हिडिओ कुणालाही पाठवू शके, पाटी घरी नेऊ शके. मात्र आकडा वर असताना त्याने जे केलं ते समजून-उमजून केलं असं धरलं जाई आणि त्याच्या नावावर तशी नोंद होई. कागदावर हे न्यायाचंच वाटत होतं.

पहिलं वर्षभर बाईंनी हा विषय जीव ओतून शिकवला होता. त्यांनी मुलांना एकेक चिठ्ठी लिहायला लावली, ती देवळाच्या पारावर चिकटवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता ही परत आणा, गावातल्या कुणी वाचलीच नव्हती असं करून आणा." मुलं चिठ्ठ्या घेऊन आली आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं. पुढचा आठवडाभर वर्गात त्याच्यावर बोलणं चाललं. मुलं इतकी पक्की झाली की असला फोटो आला की फटकन नको म्हणून मोकळी व्हायची.

आणि शाळेचा विवेकांक आला एक्केचाळीस. जिल्ह्यात खालून तिसरा.

कारण साधं होतं, पण बाईंना ते फार उशिरा कळलं. चांगली सवय अंगात मुरली की डोक्याला ताण पडत नाही, आणि ताण नाही तर बाहुली मोठी होत नाही. तापमापक ताप आहे एवढंच सांगतो, तो कशाने आला हे सांगत नाही. तशी पाटी डोकं शिणलं एवढंच सांगायची. पण नोटीस आली ती आकड्यावर आली. शाळेत तेव्हा मुलं होती एकोणीस. पुढच्या वर्षी आकडा सुधारला नाही तर शाळा बंद करून मुलांना नऊ किलोमीटरवरच्या समूहशाळेत पाठवायचं, असं तिच्यात लिहिलं होतं. मधे ओढा, चढ आणि जंगलाचा पट्टा. बाईंना माहीत होतं, निम्म्या मुली घरीच बसतील.

मग तो दिवस उजाडला. मुख्याध्यापक शौकत मुजावर सर हा जुन्या वळणाचा माणूस. त्यांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी पावकी, निमकी, अडीचकी, औटकी असले अपूर्णांकांचे पाढे घोकायला लावले होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. औट म्हणजे साडेतीन. बाईंच्या वर्गात पाट्या उघड्या असताना सर दारात आले आणि गमतीने म्हणाले, "सांगा रे, एकतीस औट किती?" मुलं डोकं खाजवत हिशेब करू लागली आणि त्याच नादात समोरच्या प्रश्नाची बटणं दाबून गेली. फळ्यावर आकडे चढले. नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव.

बाई आणि सर फळ्याकडे बघत राहिले. दोघांनाही सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर बाईंनी मुलांना सांगितलं, "पाटीच्या कोपऱ्यात घड्याळ आहे ना? दाबायच्या आधी त्यातली मिनिटं घ्यायची आणि त्यांची औटकी करायची, मनातल्या मनात. उत्तर चुकलं तरी चालेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि ही आपल्या शाळेची गोष्ट. बाहेर बोलायची नाही."

पाठ केलेला पाढा चालला नसता, पाठांतराला डोकं शिणत नाही. घड्याळ मात्र दर मिनिटाला नवा आकडा देई. बाईंची अक्कलहुशारी अशी की कुठल्याही शास्त्रज्ञाने तोंडात बोट घालावं. शाळा वाचली. वर्षात पट एकोणीसचा चौतीस झाला, आसपासच्या वाड्यांतून मुलं आली. बाईंना आदर्श शिक्षिकेचं मानपत्र मिळालं. ते त्यांनी घरी कपाटावर पालथं ठेवलं होतं.

आणि चिठ्ठ्यांचा तो धडा पुन्हा झाला नाही. वेळच मिळेना, पाहुणे येत होते.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी गार्गी पोवार शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिचे वडील आले. गडी तालमीतला, आवाज मोठा, पण त्या दिवशी अगदी हळू बोलत होता.

"बाई, पोरगी जेवत न्हाई. बघा हे."

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. परिपाठात गार्गी दिनविशेष वाचते आहे आणि 'स्वातंत्र्यसैनिक' शब्दावर अडकते आहे. स्वा, स्वा, स्वा. तिला अडखळण्याची सवय होतीच, हल्ली कमी झाली होती. पाटीतलं गमतीचं बटण दाबलं की होतं तसा तो तुकडा आपोआप पुढे-मागे होऊन सात वेळा जोडला गेला होता, आणि शेवटी बकरीचं बें बें. शुक्रवारी संध्याकाळी चौघी मैत्रिणींच्या गटात तो आला होता. त्यातल्या एकीच्या दादाने पुढे ढकलला. सोमवारपर्यंत पावणेदोन लाख लोकांनी तो बघितला होता आणि बेळगावातल्या कुण्या पोरांनी त्याच्यावर गाणंही बसवलं होतं.

पहिल्यांदा पाठवणारी पाटी होती दुर्वा मगदूमची. चौथीतली, साडेनऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत चलाख. ती जाणती होती.

आठवड्यात मुलांच्या इंटरनेटवर लक्ष ठेवणाऱ्या बालजाल समितीचं पत्र आलं. त्यात पाटीची नोंद जोडली होती. पाठवण्याची वेळ चार वाजून वीस मिनिटं. थांबण्याचा वेळ, चौदा सेकंद. विचाराचा ताण, अतिशय जास्त. विवेकांक सत्त्याण्णव. खाली निष्कर्ष असा की सदर विद्यार्थिनीने परिणामांचा पूर्ण विचार करून, जाणतेपणी इजा केली आहे. पुढच्या सोमवारी शाळेत सुनावणी. नोंद कायम झाली तर दुर्वाला सहा महिने जिल्ह्याच्या वर्तनकेंद्रात निवासी राहावं लागेल आणि अठरा वर्षांची होईपर्यंत ती नोंद तिच्या नावापुढे राहील.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांची नजर वेळेवर गेली. वीस मिनिटं. वीस औट सत्तर. हे दुर्वाला दोन सेकंदांत यायला हवं होतं. चौदा कशाला लागले? पोरगी घाबरली असेल, गोंधळली असेल, असं म्हणून त्यांनी तो विचार मागे सारला. त्यांच्या डोक्यात दुसरंच काहूर माजलं होतं. विवेकांक सत्त्याण्णव हे त्यांनीच शिकवलं होतं. आकडे चढवायची जी युक्ती त्यांनी पोरीला दिली, तीच आता पोरीच्या गळ्याशी आली होती. नुसतं न बघता दाबलं असतं तर पाटीने 'अजाणतेपणी' म्हणून सोडून दिलं असतं.

दुर्वाची आई, रोहिणी, काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. ती संध्याकाळी बाईंच्या घरी आली आणि उंबऱ्यावरच बसली. काजूच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती.

"आत या की," बाई म्हणाल्या.

"नको, हितंच बरं हाय. बाई, तुम्हीच शिकवलासा न्हवं तिला, विचार करायला? मग तिनं असा कसा विचार केला?" रोहिणी रडत नव्हती. "मी तिला हाणलं. इचारलं, का केलंस? तोंडातनं शब्द काढत न्हाई. सहा महिनं कुठं ठेवणार तिला? बारकी हाय हो ती. अजून माझ्या कुशीत झोपती."

बाईंनी तिला पाणी दिलं. काहीतरी करू, मी बोलते, असं काहीबाही त्या म्हणाल्या. रोहिणी गेल्यावर त्या कितीतरी वेळ तांब्या हातात धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मुजावर सरांना गाठलं.

"सर, मी सांगून टाकते."

सरांनी चष्मा काढून पुसला. चार महिन्यांनी त्यांची निवृत्ती होती. "काय सांगणार बाई? ही मुलं विचारच करत नाहीत म्हणून? चौतीस मुलं आहेत. सगळ्यांच्या नोंदी रद्द होतील. शाळेला कुलूप लागेल. तुमची नोकरी जाईल, माझं पेन्शन अडकेल. ते जाऊ द्या, माझं सोडा. पण पलीकडच्या वाडीवरच्या त्या सात मुली, त्या समूहशाळेत जातील असं वाटतंय तुम्हाला?"

"आणि दुर्वा?"

"एक पोर का चौतीस पोरं, असा हिशेब आहे."

"तुम्हाला असा हिशेब जमतो सर?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "नाही जमत," ते म्हणाले. "म्हणून तर तुम्ही मला विचारू नका."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती जागा आता बाईंना नेमकी कळली. तिथे माणूस उभा राहू शकत नाही आणि तिथून हलूही शकत नाही. आणि ही विहीर त्यांनी स्वतःच्या हातांनी खणली होती, कौतुकाच्या टाळ्या ऐकत.

शाळा सुटल्यावर त्यांनी दुर्वाला थांबवून घेतलं. वेणीची टोकं चावत ती टेबलापाशी उभी राहिली.

"दुर्वा, खरं सांग. पाठवताना तू औटकी करत होतीस ना?"

दुर्वाने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय उत्तर हवंय ते शोधावं तसं पाहिलं. मग मान हलवली.

"घाईत नीट जमेना, म्हणून वेळ लागला, हो ना?"

पुन्हा मान हलली.

"सोमवारी समितीच्या मॅडम येतील. त्या विचारतील..."

"मी सांगणार न्हाई बाई," दुर्वा म्हणाली. "ती आपल्या शाळेची गोष्ट हाय."

बाईंना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

सुनावणी बाईंच्या वर्गातच झाली. समितीच्या पद्मजा देसाई मॅडम कोल्हापूरहून आल्या होत्या. मॅडम भल्या होत्या, खुर्चीवर न बसता त्यांनी दुर्वाला सतरंजीवर आपल्याजवळ बसवून घेतलं. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला पोवार. मुजावर सर दाराशी. मॅडमच्या मांडीवर समितीची पाटी होती.

"बाळ, घाबरू नको," मॅडम म्हणाल्या. "तू दाबायच्या आधी चौदा सेकंद थांबलीस. मोठी माणसंही इतकं थांबत नाहीत. तुझं डोकं जोरात चाललं होतं, हे तुझ्या डोळ्यांनी सांगितलंय. त्या चौदा सेकंदांत तुझ्या मनात काय आलं, एवढंच मला सांग."

दुर्वाने मान वर केली आणि चौगुलेबाईंकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"काहीही असू दे. सांग."

रोहिणी म्हणाली, "बोल की गं बाई, बोल." दुर्वा सतरंजीचा दोरा उसवत राहिली. मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं.

"मॅडम, तिने विचार केलेला नाही," बाई म्हणाल्या.

आवाज आपलाच आहे हे त्यांना क्षणभर कळलं नाही. पण एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी मागचं-पुढचं सगळं सांगितलं. एक्केचाळीसचा आकडा, नोटीस, औटकी, घड्याळातली मिनिटं. मॅडम ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. विद्यार्थिनीला वाचवायला शिक्षिका काहीही बोलते, हे त्यांनी बघितलेलं असणार.

"तुमची पाटी धरा मॅडम," बाई म्हणाल्या. "सरावाचा प्रश्न काढा, कुठलाही. आता घड्याळात किती मिनिटं झालीत?"

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस साडेतीन किती ते मनात करा. आणि करता करता प्रश्न न वाचता कुठलंही बटण दाबा."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. बोट खाली आलं. पाटीवर प्रश्न होता, अनोळखी माणसाने घराचा पत्ता मागितला आहे, द्यावा का? मॅडमनी 'द्यावा' दाबलं होतं. वर हिरव्या अक्षरांत आलं, विवेकांक पंच्याण्णव, निर्णय विचारपूर्वक.

मॅडमनी ती हिरवी अक्षरं पुन्हा एकदा वाचली. "अशा किती शाळांत चालतं हे?" त्यांनी विचारलं.

मग जे व्हायचं ते झालं. दुर्वाची नोंद 'अजाणतेपणी' अशी बदलली. तिला फक्त सहा महिने पाटी मिळणार नव्हती. रोहिणीने बाईंचे पाय धरले, बाईंनी ते चटका बसल्यासारखे मागे घेतले. चौतीस पाट्या पेटीत भरून पेटीला सील लागलं. बाई निलंबित झाल्या. शाळेच्या चौकशीचा कागद निघाला, आणि असल्या कागदाचा शेवट कुठे होतो ते सगळ्यांना माहीत असतं. पालकांनी बाईंना रस्त्यात अडवून विचारलं, आमच्या पोरांचं नुकसान केलंत ते कोण भरून देणार?

सगळ्यांत जास्त लागलं ते पोवारचं बोलणं. सुनावणीतून बाहेर पडताना तो दारात थांबला होता. "म्हणजे माझ्या पोरीला कुणीच काय केलं न्हाई म्हणायचं," तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

शनिवारी दुपारी बाई कपाट आवरायला शाळेत गेल्या. कुणी नव्हतं. तक्ते गुंडाळले, खडूंचा डबा सरांसाठी वेगळा काढला. मन खरं तर हलकं होतं. सगळं गेलं, पण एक पोर वाचवली, एवढं तरी आपल्या हातून बरोबर झालं, असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि त्या सांगण्याचा त्यांना आधार वाटत होता.

दारात दुर्वा येऊन उभी राहिली.

"ये. आईला सांगून आलीस ना?"

"व्हय." ती आत आली, पण बसली नाही. "बाई, मी औटकी करत नव्हते."

बाईंच्या हातातला तक्ता अर्धा गुंडाळलेला राहिला.

"घड्याळात वीस झाले होते. वीस औट सत्तर, ते मला येतंय. मी ते केलंच न्हाई." ती भरभर बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. "मला ठाऊक होतं गार्गी रडंल. ती शाळेत येणार न्हाई हे पण ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे येणार होते, आणि तुम्ही परिपाठाला तिलाच उभी केली असती. तुम्ही म्हणता, तिची भीड चेपली पायजे. मग माझा नंबर कधी? मी बोट धरून ठेवलं. पाठवू का नको, पाठवू का नको, असं लई वेळ केलं. मग पाठवलं."

बाहेर कुठेतरी लाकूड फोडल्याचा आवाज येत होता. बाई बाकावर बसल्या. चौदा सेकंद. सगळ्या शाळेत, दोन वर्षांत, एका पोरीने एकदाच खरा विचार केला होता, आणि पाटीने तो अचूक मोजला होता.

"मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुम्ही औटकी करत होतीस ना, असं विचारलासा," दुर्वा म्हणाली. "म्हणून व्हय म्हटलं."

बाईंना तिच्यावर रागावता येईना. ह्या वर्गात प्रश्न विचारतानाच उत्तर हातात द्यायची रीत त्यांनीच पाडली होती.

"आता तुम्ही त्या मॅडमना सांगणार?" दुर्वाने विचारलं.

"सांगितलं तर तुला नेतील."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"तर तुला आणि मला माहीत राहील. आणखी कुणाला नाही."

दुर्वा खिडकीपाशी गेली. तिथून पोवारांचं घर दिसायचं, चढावरचं, निळ्या पत्र्याचं. ती बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली. बाईंच्या तोंडाशी चार गोष्टी आल्या, एकही त्या बोलल्या नाहीत.

"गार्गीला तर माहीत न्हाई," शेवटी दुर्वा म्हणाली. "तिला वाटतंय मी असंच पाठवलं, न बघता. तिला सांगाय पायजे."

गार्गीला सांगितलं की तिच्या वडिलांना कळणार. पोवारला कळलं की संध्याकाळच्या आत कोल्हापूरला फोन जाणार. केंद्र, नोंद, रोहिणीची काळी बोटं, सगळं परत. नोकरी गेली, शाळा जाणार, आणि ज्या पोरीला वाचवायला हे घालवलं तीही हातची जाणार. आणि हे टाळायला एक शब्द पुरे होता. थांब. बाईंनी म्हटलं असतं तर पोरगी थांबली असती, ती त्यांचं सगळं ऐकायची.

"वडील घरी असतील तिचे," त्या म्हणाल्या. "ते मॅडमना सांगतील. मग मला अडवता येणार नाही. कळतंय ना तुला?"

"व्हय."

"भीती वाटते?"

"लई."

बाई उठल्या. कपाट उघडंच राहिलं. दारात दोघींनी चपला घातल्या आणि चढाची वाट धरली. वाटेत दुर्वाने एकदा मागे वळून काजूच्या कारखान्याकडे बघितलं, बाईंना वाटलं आता ही फिरेल, आणि फिरावी असंही वाटलं. ती फिरली नाही. अंगणात पोवारची मोटारसायकल उभी होती. बाईंनी दुर्वाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने दुर्वानेच कडी वाजवली.

दार गार्गीने उघडलं.